आबांची लढाईतली पत्रं: तीन-चार हातांची अक्षरं आणि एक 'इंग्रजी' पत्र

खटावकर_२
गावच्या घराचे पत्रे बदलताना माळ्यावर आजोबांची लोखंडी ट्रंक सापडली. आत जुना पट्टा, गंजलेला मग आणि 14 पत्रं: तेरा सुतळीने बांधलेली, एक वेगळं, फडक्यात गुंडाळलेलं. आबा 1941 साली भरती झाले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. सलग दोन सालं बाजरी हाताला लागली नाही, घरात खाणारी नऊ तोंडं, म्हणून आपल्या पायाने गेले. पाकिटांवर त्यांचा नंबर आणि '1/5 मराठा' एवढंच इंग्रजीत दिसतं. ते इटलीत होते हे घरात माहीत आहे, त्यापुढे काही नाही. आबा लढाईबद्दल बोलत नसत. विचारलं तर "थंडी लई" म्हणायचे, संपलं.

अकरा पत्रं मोडीत आहेत. दोन बाळबोध (देवनागरी) आहेत, तेवढी मी वाचली. सुरुवात 'तीर्थरूप आईआबांचे सेवेशी बालके शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष', शेवट 'इकडील सर्व क्षेम'. मधे म्हैस, विहिरीचा गाळ, धाकट्या भावाची शाळा, मनिऑर्डर पोचली का. गावाचं नाव नाही, लढाईचा शब्द नाही. नोव्हेंबर 43 च्या पत्रात मात्र लिहिलंय: 'इथली नदी पावसाने फार चढली आहे. आपली येरळा अशी चढती तर दोन पिकं निघती.' ही कुठली नदी असेल?

दुसरं पत्र ऑक्टोबर 42 चं. त्यात 'वडूजच्या बाजाराला' इथून पुढे दीड ओळ काळ्या शाईने पुसलीय. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजला 'चले जाव'च्या मोर्चावर इंग्रज सरकारच्या पोलिसांचा गोळीबार झाला, नऊजण गेले. आमचं गाव तिथून दोन कोसांवर, आणि आबा त्याच सरकारचा पगार खात होते. पुढे आमच्याकडे पत्री सरकार जोरात होतं, तेव्हा घरच्यांना काय काय ऐकावं लागलं असेल देव जाणे. ती ओळ वाचायचा काही उपाय?

चौदावं पत्र इंग्रजी अक्षरांत आहे, पण इंग्रजी नाही. चुलते म्हणतात इटालियन असेल. पत्रं फार जीर्ण झालीत, लॅमिनेट करून घेऊ का?

टपालवेडा
लॅमिनेशन अजिबात नको!! उष्णतेने आणि चिकट थराने कागद कायमचा जातो. घड्या हलक्या हाताने उलगडा, सावलीत फोटो काढा, आणि आम्लविरहित कागदात सपाट ठेवा. सुतळी काढा, तिने कडा कापल्या जातात.

गावाचं नाव लिहायला बंदीच होती. पण पाकिटावरचा गोल शिक्का बघा, त्यात 'एफ.पी.ओ.' आणि आकडा असेल. ते फिरतं फौजी टपालघर. कुठल्या तारखेला कुठला आकडा कुठे होता याच्या याद्या आम्हा संग्राहकांकडे असतात. आकडे टाका, शोधतो.

नदीचं म्हणाल तर, 1/5 मराठा (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण) आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये तारांतोला उतरली आणि पूर्व किनाऱ्याने वर सरकली. वाटेत बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो अशा नद्या. नोव्हेंबरात सांग्रोला असा पूर होता की पूल वाहून जात होते. पत्र महिनाअखेरचं असेल तर तीच धरा.

मोडीवाली मावशी
फोटो टाका, वाचून देते. (मंडळाच्या वर्गात शिकले, आता डोळे साथ देतात तोवर करते.) दादा, एक गोष्ट आधी तपासा: अकराही पत्रांचं अक्षर एकच आहे का? पुष्कळदा पलटणीतला एखादा लिहिता माणूस सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचा. मग मायना एकसारखाच येतो, कारण तो लेखकाचा असतो. पाठवणाऱ्याचा आवाज शोधायचा तर म्हैस-विहिरीच्या ओळींतच शोधायचा. पुसलेल्या ओळीचा कागद उजेडासमोर धरून बघा, टाकाचा दाब मागून उमटलेला असतो कधीकधी.

निवृत्त_सुभेदार_बेळगाव
रामराम. तुमचे आबा जंगी पलटणीचे, 1/5 मराठाला हेच नाव. याच पलटणीचे नामदेव जाधव, कंपनीचे रनर (निरोप्या), नगर जिल्ह्यातले. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून अलीकडे आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. 45 च्या पत्रांत त्यांचा उल्लेख आहे का बघा. पाकिटावरच्या नंबरवरून इथल्या रेजिमेंटल सेंटरला अर्ज करा, नात्याचा पुरावा जोडा.

चौदावं पत्र इटालियन नाही. मोठ्याने वाचा. फौजेची लिखापढी तेव्हा रोमन अक्षरांतल्या हिंदुस्थानीत चाले. अंगठा उठवून भरती झालेल्या जवानाला हीच अक्षरं शिकवत, परीक्षा घेत.

खटावकर_२
सुभेदारसाहेब, काल रात्री मोठ्याने वाचलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

'मैं यहां राजी खुशी से हूं' अशी तीन ओळी हिंदुस्थानी आहे, घोटून पाठ केल्यासारखी. चौथ्या ओळीपासून तीच अक्षरं, पण मराठी, आमच्या बोलीतली: 'आये, ह्ये म्या सोता लिवलंया. म्हस व्याली का. थंडी लई हाय.' खाली सही. बाकी पत्रांखाली सही कुठेच नाही, मावशी, आणि मोडीत तीन वेगळे हात आहेत, तुमचं खरं निघालं.

घरात तेव्हा ही अक्षरं कुणालाच येत नव्हती. धाकटा भाऊ मराठी तिसरीत. म्हणजे ऐंशी वर्षं हे पत्र कुणी वाचलंच नव्हतं. तरी पणजीने ते गठ्ठ्यात ठेवलं नव्हतं, वेगळं, फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं.

पुसलेली ओळ उजेडात धरली. 'आपल्यातलं कोण' एवढं दिसतं, पुढचं नाही. शिक्क्यांचे आणि मोडीचे फोटो रविवारी टाकतो, गावात रेंज नाही.