कोरफड मऊ पडली आहे, बायको यायच्या आत वाचेल का?

खिडकीतला_माळी (डोंबिवली), १४ जुलै

नमस्कार मंडळी. बागकामाच्या या विभागात मी आजवर फक्त वाचक, तोही बायकोच्या खांद्यावरून. आमच्याकडे झाडांचं खातं तिचं. माझ्याकडे गॅस, लाइटबिल आणि सोसायटीची मीटिंग. मुलीचं पहिलं बाळंतपण म्हणून ती २ जूनला बंगळुरूला गेली आणि जाताना अकरा कुंड्या माझ्या हवाली करून गेली. फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली आहे: तुळस रोज, मोगरा रोज, जास्वंद रोज, मनीप्लँट दोन दिवसांआड. कोरफडीचं नाव चिठ्ठीत नाही. मला वाटलं, गाडीच्या घाईत राहून गेलं असणार. म्हणून मी आपणहून तिलाही रोज सकाळी एक तांब्या घालत आलो.

आता अवस्था अशी आहे. खालची चार पानं तपकिरी, काचेसारखी आरपार दिसणारी, बोट टेकवलं की आत जातं. त्याच्या वरची दोन हिरवी आहेत पण कुंडीच्या काठावर मान टाकून पडलीत. मधला कोंब ठीक वाटतो. झाड धरून हलवलं तर दुधाच्या दातासारखं हलतं. वासही येतोय, मोरीच्या जाळीखाली येतो तसा.

पानं मऊ पडली म्हणजे तहान लागली असेल, अशा समजुतीने मधले चार दिवस मी दोन तांबे घातले. चहाचा चोथाही घातला. मग पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला उन्हात ठेवली, तर दोन दिवसांत वरची पानं विटकरी झाली. खिडकी पश्चिमेची आहे, पावसाची झड थेट आत येते.

आता खरी चिडीची गोष्ट. आमच्या दारावर गेल्या दसऱ्याला बायकोने एक कोरफड काळ्या दोऱ्याने उलटी टांगली आहे, दृष्ट लागू नये म्हणून. माती नाही, पाणी नाही, नऊ महिने झाले. ती जिवंत आहे. नुसती जिवंत नाही, तिचं टोक वळून छताकडे निघालंय. आणि जिला मी रोज पाजतो ती आचके देतेय.

प्रश्न तीन. एक, ही वाचेल का? दोन, कुंडीत कडेला तीन पिल्लं आली आहेत, त्यांचं काय करू? तीन, जी दोन पानं हिरवी आहेत ती काढून मिक्सरला लावून रस प्यावा असा विचार आहे, फुकट कशाला घालवायची?

व्हिडिओ कॉलवर मी सध्या फक्त मोगऱ्याची बाजू दाखवतोय. कृपया लवकर उत्तर द्या.

मातीखालची_माय (पुणे), १४ जुलै

काका, पाणी बंद. उद्यापासून नको, आत्तापासून. चिठ्ठीत नाव का नव्हतं ते काकूंना विचारायची हिंमत झाली की विचारा.

कोरफडीची पानं दोन कारणांनी मऊ पडतात आणि दोन्हींचं मऊपण वेगळं असतं. तहानेने मऊ झालेलं पान पातळ होतं, कडा आत वळतात, कातडं सुरकुततं, पण बोट आत जात नाही. पाण्याने कुजलेलं पान फुगतं, आरपार दिसतं, घळघळीत होतं. तुमचं वर्णन दुसऱ्याचं आहे. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, वरची पानं मरगळतात, आणि माणूस आणखी पाणी घालतो. दर पावसाळ्यात हाच प्रश्न इथे पाच-सहा वेळा येतो.

ते विटकरी होणं विसरा. आतल्या झाडाला एकदम ऊन दाखवलं की असं होतं, सावलीत परत हिरवं होतं.

आता कुंडी पेपरवर उपडी करा आणि काय दिसतं ते इथे लिहा. झाड नर्सरीतून आणलं होतं का, तेही सांगा.

खिडकीतला_माळी, १४ जुलै, रात्री

उपडी केली. बाल्कनी नसल्यामुळे हॉलमध्येच पेपर पसरून.

झाड उपटावं लागलंच नाही, नुसतं उचललं आणि हातात आलं. वरची दोन इंच लाल माती सुटून पडली आणि आत मुठीएवढा तपकिरी गोळा निघाला, भिजलेल्या स्पंजसारखा. दाबला तर अर्धा वाटी पाणी निघालं. मातीच नव्हती ती. मुळं मोजली: काळी-तपकिरी खंडीभर, आणि त्यातलं एखादं ओढलं की वरची साल मोज्यासारखी निसटून हातात, आत नुसता दोरा. शाबूत म्हणावीत अशी दोन, पिवळट पांढरी, टणक. कुंडीचं भोक चिखलाने बुजलेलं होतं. खाली ताटली होती, फरशीवर डाग नको म्हणून मीच जूनमध्ये ठेवलेली, तीत पाणी आणि त्या पाण्यात डासांची पिल्लं.

झाड नर्सरीतलंच. दोन वर्षांपूर्वी कल्याणहून आणलं होतं.

मातीखालची_माय, १५ जुलै

तो गोळा म्हणजे कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा. नर्सरीवाले त्यातच वाढवतात, कारण वजनाला हलकं आणि पाणी धरून ठेवतं. त्यांना ते सोयीचं, कोरफडीला घातक. झाड घरी आणलं की पहिल्याच आठवड्यात तो गोळा सोडवून काढायचा असतो. बहुतेक जण तसाच मोठ्या कुंडीत ठेवून भोवती माती भरतात. मग वरची माती कोरडी दिसते आणि आत तळं असतं. काकूंच्या हातून पाणी बेताचं पडायचं म्हणून दोन वर्षं खपून गेलं.

आता करायचं ते सांगते. सुरी गॅसवर धरून किंवा डेटॉलने पुसून घ्या. कुजलेली पानं बुंध्यापासून काढा. बुंधा खालून चकत्या करत कापत जा. आत तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसतेय तोवर कापत राहा, स्वच्छ पांढरट-हिरवं लागलं की थांबा. प्रत्येक कापानंतर सुरी पुसायची. शेवटी हातात फक्त मधला कोंब आणि तीन-चार पानं उरली तरी घाबरू नका. पण कुज कोंबापर्यंत गेली असेल तर त्या झाडाला नमस्कार करा आणि पिल्लांकडे वळा.

मग ते झाड पंख्याखाली, उन्हाशिवाय, आडवं ठेवून द्या. एरवी चार-पाच दिवस सांगते, पण जुलैत डोंबिवलीच्या हवेत आठवडा तरी. कापलेली जागा नखाने टकटक वाजेल इतकी कोरडी व्हायला हवी. काही जण हळद लावतात. लावा, न लावा, वाळणं चुकवू नका.

कुंडी मातीची, सहा ते आठ इंची, मोठी अजिबात नको. मोठ्या कुंडीत जास्त माती, जास्त ओल. मिश्रण: एक भाग साधी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे, वर मूठभर जुनं शेणखत. हार्डवेअरवाल्याकडे हल्ली क्रश सँडच, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू मिळते. ती पिठाच्या चाळणीने चाळून खाली पडणारी भुकटी फेकायची, वरची खर घ्यायची. भुकटी राहिली तर सिमेंटसारखी बसते. सगळं कोरडं भरायचं, झाड रोवायचं, आणि आठवडाभर पाण्याचं नाव काढायचं नाही.

पिल्लांपैकी ज्यांना स्वतःची मुळं आहेत ती वेगळी लावा. बोटभर तरी उंच हवीत. त्यांची पानं समोरासमोर, पंख्यासारखी दोनच ओळींत दिसतील. त्यात काही बिघडलेलं नाही, लहानपणी अशीच असतात, गोल रचना नंतर येते.

आणि नुसतं पान मातीत खोचू नका. इथे कोणीतरी ते सांगेलच. पानाला कोंब नसतो, ते महिनाभर हिरवं राहून माणसाला फसवतं आणि मग सडतं.

गडग्यावरचा (रत्नागिरी), १५ जुलै

मायताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त पावसाची बदनामी थांबवायला आलो. आमच्या घरामागे जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली भिंत आहे. त्यावर आजीच्या वेळेपासून कोरफड आहे. रत्नागिरीचा अख्खा पाऊस अंगावर घेते, दर चार वर्षांनी आम्ही निम्मी उपटून वाटतो. तिला पाऊस मारत नाही, पाण्याचं थांबणं मारतं. गडग्यावर थेंब पडला की दगडांतून खाली. तुमच्या ताटलीत पडला की मुक्कामाला.

रसाबद्दल मात्र हात जोडून सांगतो, मिक्सर बंद ठेवा. पान कापल्यावर सालीखालून जो पिवळा चिकट चीक येतो तो जबरदस्त रेचक आहे. काळा बोळ ऐकलाय? मुरगळलेल्या पायाला आंबेहळदीबरोबर उगाळून लावतात तो. तो म्हणजे कोरफडीचा हाच रस आटवून वाळवलेला. वैद्य तो पोटात देतात तेव्हा गुंजेच्या मापाने देतात. अमेरिकेत २००२ साली तिथल्या औषध प्रशासनाने दुकानात विना-चिठ्ठी मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून कोरफड काढायला लावली, कारण ती सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा कंपन्यांनी दिला नव्हता. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी लॉकडाउनमध्ये प्रतिकारशक्तीसाठी अख्खं पान सालीसकट फिरवून प्यायलं. रात्री अकरा ते पहाटे पाच त्यांच्या घरातला एकच दिवा चालू होता.

गर लावायचाच असेल तर पान बुंध्याशी कापून, कापलेली बाजू खाली करून पंधरा मिनिटं भांड्यात उभं ठेवा. चीक निथळतो. मग कडेचे काटे काढून, साल सोलून, गर धुऊन घ्या. आधी कोपराच्या आत थोडा लावून बघा, काहींना खाज सुटते. आणि तुमचं पान सडक्या झाडाचं आहे, ते अंगालाही नको. मुलगी बाळंतीण आहे म्हणून तिच्यासाठी वगैरे काही कोणी सुचवलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

वाळूतलं_घर (मस्कत), १६ जुलै

दादा, तुमच्या दारावरच्या कोरफडीची वकिली मी करते, कारण ती माझ्या आत्ताच्या गावाकडची आहे. कोरफडीचं मूळ घर अरबी द्वीपकल्प. मस्कतला वर्षाला पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर. तुमच्या जवळच्या मुंबईत, सांताक्रूझची एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर आहे. आता सांगा तिला तुमच्या तांब्याचं काय वाटत असेल.

ती उलटी टांगून जगते त्याचं कारण असं की तिची पानं म्हणजेच पाण्याची टाकी. शिवाय बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात, ही रात्री उघडते. दिवसभर दारं-खिडक्या बंद, म्हणून पाणी उडत नाही. टोक वर वळलंय ते झाड वरची दिशा ओळखतं म्हणून. पण बघा, तिची पानं दसऱ्याला होती त्यापेक्षा बारीक झाली असतील. साठवणीतलं खातेय. नऊ महिने पुष्कळ झाले, तिलाही आता कुंडी द्या. दृष्टीसाठी दुसरी टांगता येईल.

इथे कोरफडीला सब्बार म्हणतात. सब्र म्हणजे धीर, आपली सबुरी त्यातूनच आली. मी लावलेली पहिली कोरफड मीही पाणी घालून मारली होती, मस्कतच्या उन्हाळ्यात. इथे ४५ अंशांत पाणी न घालता बसायला जास्त सबुरी लागते.

कांदाभजी, १६ जुलै

माळीकाका, चहाचा चोथा कुठे घालत होतात? आमची मनीप्लँट त्यावरच गेली.

खिडकीतला_माळी, २ ऑगस्ट

उशिरा लिहितोय, माफ करा. मधे नात झाली. दोघी सुखरूप आहेत.

मोठं झाड कापत गेलो. सात चकत्या झाल्या, सातवीत मधोमध मोहरीएवढा तपकिरी ठिपका. आठवी स्वच्छ. हातात उरला तो भाग कांद्याच्या पातीच्या जुडीएवढा. टीव्हीच्या टेबलावर पंख्याखाली अकरा दिवस ठेवला. पाहुणे आले की मी तो पेपरखाली झाकत होतो. २६ तारखेला लावला. काल हलवून पाहिलं, किंचित अडतोय. दुधाचा दात नाही राहिला.

तिन्ही पिल्लांपैकी दोघांना मुळं होती, ती वेगवेगळ्या कुंड्यांत आहेत. तिसरं बिनमुळाचं, तेही वाळवून त्यांच्यातच लावलं, बघू. दारावरची उतरवली. मस्कतच्या ताई म्हणतात तसं, पानं खरंच बोटाएवढी बारीक झाली होती. दोरा सोडवताना लक्षात आलं की बुंध्याशी दोन सुकी, दोऱ्यासारखी मुळं हवेतच फुटली होती.

मग काल बायकोने व्हिडिओ कॉलवर फोन उजवीकडे वळवायला सांगितला. वळवावा लागला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, तिचं नाव चिठ्ठीत नव्हतं ना?" म्हटलं, नव्हतं. "मग?"

मग काय. मी नातीचा विषय काढला.

ती आता गणपतीच्या आधी येतेय. मायताई, तेवढ्यात एक सांगा, तुळशीच्या शेंड्याखाली कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय आणि मुंग्या लागल्यात. तुळस चिठ्ठीत आहे, पहिल्याच नंबरला. नवीन धागा काढू की इथेच विचारू?