लिथियमची लेव्हल: रक्त कधी आणि कशात?
लिथियम हे बायपोलर आजारावरचं (टोकाच्या मूड-बदलांवरचं) औषध; त्याचं रक्तातलं प्रमाण म्हणजे लेव्हल. ‘तीन महिन्यांनी लिथियमची लेव्हल केली की पुरे’ असं म्हणतात, आणि डोस स्थिर असेल तर ते पटतं. पण रक्त कधी आणि कशात घ्यायचं हे त्यात येत नाही, आणि ओपीडीत घोळ तिथेच होतो. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घ्यायला हवं. काणकोण किंवा सत्तरीसारख्या गोव्यातल्या लांबच्या तालुक्यांतून सकाळच्या बसने येणारा पेशंट गोळी घेऊनच निघतो, १० वाजता रक्त देतो, लेव्हल खोटीच चढलेली दिसते, डोस उगाच कमी होतो आणि आजार उलटतो. रात्रीची गोळी ९ ला घेतली तर रक्त सकाळी ९ ला, सकाळची गोळी त्यानंतरच. हे चिठ्ठीवर लिहूनच द्या. ट्यूब लाल झाकणाची, साधी. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून बऱ्याचदा लिथियम हेपारिनच असतं, त्यातलं लिथियम मोजणीत येतं, मग आकड्याला अर्थच उरत नाही. डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवस थांबा, मगच लेव्हल करा.

एप्रिल-मेच्या घामात शरीरातलं पाणी-मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. त्यात गुडघेदुखीसाठी फार्मसीतून परस्पर आणलेलं डायक्लोफेनॅक, नाहीतर बीपीच्या गोळीतलं टेल्मिसार्टन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आलं की लेव्हल आणखी चढते. दर भेटीत गोळ्यांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावा, अगदी गर्दीच्या दिवशीसुद्धा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका: लिथियम थांबवा, त्याच दिवशी लेव्हल आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करा, जवळ सोय नसेल तर थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात पाठवा.