ढगाळ हवेत नांदूर मध्यमेश्वरला यायचं का?

सिडको_नाशिक:
नमस्कार मंडळी, रविवारी मी, बाबा आणि मुलगी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचं म्हणतोय पण कालपासून आभाळ भरून आलंय, वारा बोचरा आहे आणि अवकाळीचा अंदाज दिलाय. बाबा म्हणतात एवढं लांब कशाला, गंगापूर धरणावरच जाऊ. अशा हवेत पक्षी दिसतात का की दडून बसतात? मुलीला चक्रवाक बघायचाय, वहीत चित्र काढून ठेवलंय तिने.

निफाडकर:
ताई खुशाल या. बदकांना पावसाचं काही वाटत नाही, पंखांना तेल असतं, पाणी ओघळून जातं. त्रास होतो तो वाऱ्याचा, लाटा उठल्या की ती मधलं पाणी सोडून आडोशाच्या काठाला, पाणगवताजवळ येतात, म्हणजे उलट जवळून दिसतात. म्हणून आधी वारा कुठून येतोय बघा आणि जो काठ वारा अडवतो तिथे दुर्बीण लावा. थापट्या, तलवार बदक, गढवाल, वारकरी हे पाणपक्षी सगळे एका जागी सापडतील. चक्रवाक तांबूस-नारिंगी असतो, मळभातही लगेच ओळखू येतो, बहुतेक जोडीनेच असतो.
आणि ढग असले की आमच्याकडे पहाटेचा पारा तेवढा उतरत नाही, बाबांना बरं पडेल. द्राक्षवाल्यांची झोप मात्र उडालीय या हवेने.

गोदाकाठ:
गंगापूरचं पाणी खोल आहे हो. थापट्यासारखी बदकं उथळ पाण्यात, चिखलात चोच घालून खातात. नांदूरला गोदावरी-कादवाच्या संगमाखालच्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, म्हणून तर एवढे पक्षी येतात, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं ते. फक्त पाणी वाढलेलं असेल तर चिखलाचे पट्टे बुडतात, मग तुतवार, शेकाटे असे चिखलात खाणारे पक्षी काठावर न शोधता आजूबाजूच्या ओल्या शेतांत शोधा.
वीज कडाडायला लागली की पक्षी बघायच्या मनोऱ्यावर अजिबात थांबू नका, लहान मूल बरोबर आहे. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा, काळी माती भिजली की चाक जागेवरच फिरत राहतं.

सिडको_नाशिक:
खूप आभार! जवळ आले असतील तर काठापर्यंत चालत गेलं तर चालेल का? मुलीला नीट दिसावं म्हणून विचारते.

निफाडकर:
नको ताई, तेवढं टाळा. थंडीवाऱ्यात ती अंगातली ताकद राखून बसलेली असतात, उठवली की पुन्हा वाऱ्याला तोंड देत उडावं लागतं. गाडीतूनच काच खाली करून बघा, पक्षी गाडीला माणसाएवढे बुजत नाहीत. हीटर लावू नका, नाहीतर बाहेर गार झालेली दुर्बीण आत घेतली की भिंगावर वाफ धरते. पुसायला कोरडं सुती फडकं ठेवा.

सिडको_नाशिक:
ठीक आहे, गाडीतूनच बघतो. सकाळी सातला निघतोय, चापडगावच्या बाजूने येऊ.