सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं, असा मुलांच्या मानसिक उपचारांचा कार्यक्रम बेळगाव भागात आहे का?

खानापूर तालुक्यातली आई

नमस्कार. मुलगी नववीत आहे. सातवीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होती, आठवीला बेळगावात इंग्रजी माध्यमाला घातली. पहिलं वर्ष कसंबसं काढलं. यंदा दसऱ्याच्या सुट्टीनंतर मात्र शाळा बंदच. सकाळी दप्तर भरते, वेणी घालून घेते आणि बस यायची वेळ झाली की "आई, पोटात दुखायलंय" म्हणून उंबऱ्यावरच बसते. तळहात घामानं ओले असतात. रविवारी काही नसतं.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. सासूबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला. मग बेळगावात मानसोपचार डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चिंतेचा आजार सांगितला, गोळी चालू केली आणि महिन्यानं बोलावलंय. पण हा महिना घालवायचा कसा? रात्री दोनपर्यंत मोबाईल, सकाळी अकराला उठणं, जेवणाचं ताट खोलीत.

नणंद अमेरिकेत असते. तिच्या शेजारच्या मुलाला असाच त्रास होता, तर त्याला सकाळी नऊ ते तीन दवाखान्याच्या कार्यक्रमाला पाठवायचे, झोपायला घरी. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, कुठं असं आहे का? एका ठिकाणी 'डे केअर' पाटी बघून गेलो होतो. हॉलमध्ये दारू सोडवायला आणलेली मोठी माणसं बसलेली, तिथंच हिलाही बसवू म्हणाले. लगेच परत आणली. यजमान म्हणतात सरळ बेंगळूरला नेऊ. कुणाला माहिती असेल तर सांगा.

निपाणीकर

ताई, आम्ही मुलाला कोल्हापूरला नेलं, कारण एकच. इकडं डॉक्टरांसमोर तो इंग्रजीत "फाइन" म्हणायचा आणि कन्नडमध्ये मान हलवायचा. डॉक्टर चांगले होते, पण पोराला मनातलं सांगायला शब्दच सुचेनात. कोल्हापुरात मराठीत विचारल्यावर पहिल्याच भेटीत रडला आणि वर्गात त्याच्या बोलण्याची नक्कल करतात ते सांगितलं. घरी आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं. निपाणीहून कोल्हापूर जवळ, तुम्हाला लांब पडेल. पण मराठी बोलणारं माणूस मिळतंय का ते आधी बघा. आणि सरकारी योजनेचं कार्ड राज्याबाहेर चालतं का, ते निघायच्या आधी विचारून घ्या.

मानसोपचार समाजसेविका, शहापूर, बेळगाव

वहिनी, या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी ओपीडी असते आणि वॉर्ड असतो. मधली पायरी मुलांसाठी सहसा नसतेच. कर्नाटक सरकारची 'मानसधारा' नावाची दिवसाची केंद्रं आहेत, पण ती प्रामुख्यानं जुनाट आजार असलेल्या मोठ्या माणसांच्या पुनर्वसनासाठी. चौदा वर्षांच्या मुलीला तिथं बसवून उपयोग नाही. तुम्ही त्या हॉलमधून तिला परत आणलंत ते अगदी योग्य केलंत.

अमेरिकेत जे चालतं ते असं. पूर्ण दिवसाचा कार्यक्रम साधारण आठवड्यातून पाच दिवस, रोज पाच-सहा तास, आणि काही आठवडेच. त्याखालची पायरी म्हणजे आठवड्यातले तीन-चार दिवस, तीनेक तास. सकाळी मूल आलं की रात्र कशी गेली, झोप, भूक, जिवाला इजा करायचे विचार आले का, हे विचारतात. मग समवयस्क मुलांचा गट बसतो, समुपदेशकाबरोबर एकट्यानं बोलणं होतं, शिक्षक रोज थोडा अभ्यास घेतात म्हणजे शाळेची नाळ तुटत नाही. गोळ्यांचा आढावा डॉक्टर महिन्यानं न घेता त्याच आठवड्यात घेतात. आणि घरच्यांची बैठक असते. ती टाळता येत नाही, कारण मूल संध्याकाळी त्याच घरी जाणार, दिवसा शिकलेलं तिथंच करून बघणार. वॉर्डातून सुटलेल्या मुलाला एकदम शाळेत ढकलण्याऐवजी इथं आणतात, आणि ओपीडीत भागत नाही त्यालाही वॉर्डाआधी इथंच आणतात.

आता तुमच्या मुलीचं. बस आली की भीती वाढते, घरी थांबली की पोट दुखायचं थांबतं. तो आराम खरा असतो, ती ढोंग करत नाही. पण रोज तो आराम मिळाला की दुसऱ्या दिवशी उंबरा ओलांडणं आणखी अवघड होतं. म्हणून महिन्यातून एक भेट अपुरी पडते. भीतीच्या अगदी थोडं पुढं, रोज, सोसवेल एवढंच जायचं असतं. दिवसाच्या कार्यक्रमाची सगळी ताकद या 'रोज'मध्ये आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या घराभोवती उभं करता येतं.

चिकोडीकडच्या एका मुलाचं सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. त्याला आम्ही आधी शाळा सुटल्यावर, मैदान रिकामं असताना, गणवेशात फाटकापर्यंत आणायला सांगितलं. आई बाहेर दगडावर बसायची, तो फाटकाची कडी धरून उभा राहायचा. छातीतली धडधड कमी होईपर्यंत हलायचं नाही, हा एकच नियम. नंतर रिकाम्या वर्गात. मग मधल्या सुट्टीनंतरचा चित्रकलेचा तास, मग दोन तास. सगळ्यात अवघड गेलं ते आजीला. ती अकरा वाजता अंथरुणातच चहा-बटर द्यायची, मायेनंच. तिला सांगितलं, चहा द्याच, पण सात वाजता आणि चुलीपाशी. शेवटी सगळ्यात नेमानं वेळ पाळली ती आजीनंच.

तेव्हा डॉक्टरांना फोन करून महिन्याऐवजी आठवड्याला समुपदेशन मागा. 'कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी येते का, आणि मराठीत घेता का' असं सरळ विचारा. म्हणजे भीतीचे विचार आणि सवयी बोलून, सराव करून हळूहळू बदलायची पद्धत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची 'मनोचैतन्य' योजना आहे, तुमच्याकडचा मंगळवार कोणता ते विचारा. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत 'स्नेह क्लिनिक' असतं, त्याचीही चौकशी करा. मधल्या दिवसांत बोलायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, भाषांमध्ये मराठीही आहे.

बेंगळूरचं म्हणाल तर निम्हान्स या मोठ्या मानसोपचार संस्थेत मुलांचा स्वतंत्र मानसोपचार विभाग आहे, आणि त्याआधी धारवाडचं डिमहान्स, तिथली सरकारी मानसोपचार संस्था, तुम्हाला बरंच जवळ. मुलगी जेवण सोडत असेल, स्वतःला इजा करत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा निदानच धड होत नसेल तर जरूर जा, डॉक्टरांचं पत्र घेऊन. दाखल करायची वेळ आलीच तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अठराखालच्या मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस पूर्णवेळ सोबत असावं लागतं. मुलीबरोबर बाईमाणूसच हवं. कुणी 'सोडून जा, आम्ही बघतो' म्हणालं तर तिथं ठेवू नका. पण आत्ता फक्त शाळेच्या भीतीसाठी तिला घरापासून, भाषेपासून शेकडो किलोमीटर नेलं, तर जी पायरी चढायची ती इथंच राहील.

येळ्ळूरचे मास्तर

शाळेच्या बाजूनं सांगतो. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळं यंदा नववीतच हे मार्गी लावा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, फोनवर नको. एकच शिक्षिका ठरवून घ्या, मुलगी फाटकाशी आली की तीच समोर येईल अशी. प्रार्थनेच्या वेळी आणू नका, शेकडो डोळे वळतात. आणि वर्गात पहिल्याच दिवशी "एवढे दिवस कुठं होतीस?" कुणी विचारू नये, हे त्या शिक्षिकेला आधी सांगून ठेवा. मराठी माध्यमातून आठवीला इंग्रजीत गेलेली पोरं दरवर्षी बघतो. गणित येत असतं, पण प्रश्न कळत नाही आणि विचारायला लाज वाटते. भीतीखाली हे दडलेलं असू शकतं. तसं निघालं तर माध्यम बदलायचा विचार करताना कमीपणा मानू नका, वहिनी.

खानापूर तालुक्यातली आई

सगळ्यांचे आभार. मास्तर, काल रात्री सहज विचारलं तर म्हणाली, विज्ञानाच्या बाई उभं करून धडा वाचायला लावतात आणि मागच्या बाकावरून हसतात. वर्षभर पोटातच ठेवलं पोरीनं. सासूबाईंनाही ते आजीचं वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण आज ताट खोलीत नेलं नाही.

ताई, गोळीचं एक विचारायचं होतं. दहा-बारा दिवस झाले, फरक नाही. यजमान म्हणतात बंद करू, सवय लागेल.

मानसोपचार समाजसेविका, शहापूर, बेळगाव

आपल्या मनानं बंद करू नका. चिंता आणि उदासीवर सहसा देतात त्या गोळ्यांची सवय लागत नाही, पण गुण दिसायला चार ते सहा आठवडे जातात. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यातलीच आहे का, एवढं त्यांना विचारून घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र लक्ष हवं. एकदम चिडचिड, येरझाऱ्या, झोप उडणं, मरणाचं बोलणं असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. अमेरिकेत २००४ पासून या औषधांवर लहान वयासाठी तशी ठळक सूचना असते. घरातली कीटकनाशकं, शेतातली औषधं कुलपात ठेवा. तुमच्या मुलीनं तसं काही म्हटलेलं नाही, तरी या वयाचं मूल आजारी असताना प्रत्येक घराला मी हे सांगते. आणि "मरावंसं वाटतं का गं?" असं सरळ विचारायला भिऊ नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

मोबाईल हिसकावू नका. रात्री दहाला सगळ्यांचेच फोन स्वयंपाकघरात ठेवायचे, यजमानांचाही.

खानापूर तालुक्यातली आई

यजमानांना हे दाखवलं, गोळी चालू ठेवतोय. डॉक्टरांकडं फोन झाला, शुक्रवारची वेळ दिलीय, समुपदेशक बाई मराठी बोलतात. सोमवारी आम्ही दोघं मुख्याध्यापकांना भेटतोय. मुलीला विचारलं, शाळा सुटल्यावर फाटकापर्यंत येशील का. गणवेश घालणार नाही म्हणाली, पण येते म्हणाली. गणवेशाशिवाय चालेल ना, ताई?

मानसोपचार समाजसेविका, शहापूर, बेळगाव

चालेल की. गणवेश पुढच्या आठवड्यात बघू.