मदत हवी आहे: कधी न भेटलेला, दुसऱ्या गावातला सीए नेमावा का?

मंडळी, जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही धायरीत राहतो. मी चाकणला नोकरीला आहे आणि शनिवार-रविवार भोसरीतल्या एका कंपनीला जिग-फिक्स्चरची डिझाइनं करून देतो. त्याचे वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास होतात, टीडीएस कापून येतात. बायकोचा गोडा मसाला, मेतकूट, भाजणीचा घरगुती व्यवसाय आहे. उलाढाल सात-आठ लाख, जवळपास सगळी क्यूआर कोडवर.

वडिलांपासून आमची रिटर्न सदाशिव पेठेतले एक कर सल्लागार भरायचे. जुलै लागला की फॉर्म १६ (कंपनीकडून मिळणारा पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन त्यांचा लाकडी जिना चढायचा. ते चष्म्यावरून बघून "एफडीचं व्याज आणलंत ना?" एवढंच विचारायचे. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. मग ओळखीतून एकाकडे गेलो (पुण्यातलेच, नाव लिहीत नाही). पंधराशे रुपयांत काम. खूश होतो.

तर या गृहस्थांनी माझे डिझाइनचे पैसे 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवले आणि आयटीआर-१ (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) भरून टाकला. व्यवसायाचं उत्पन्न असलं की आयटीआर-१ चालत नाही, हे माझं ताजं ज्ञान. सप्टेंबरात भरलं (मुदत वाढून १६ सप्टेंबर २०२५ झाली होती ना, तेव्हा). डिसेंबर आला तरी रिफंड नाही. फोन केला की "प्रोसेसिंगला आहे साहेब". शेवटी एका रात्री जेवणं झाल्यावर मीच आयकराचं पोर्टल उघडायला बसलो. पासवर्ड माझ्याकडे कधी नव्हताच. आधारच्या ओटीपीने नवीन करून आत शिरलो, तर आयकर कायद्याच्या कलम १३९(९) ची नोटीस! रिटर्न सदोष आहे, पंधरा दिवसांत दुरुस्त करा. तिला महिना उलटून गेलेला. प्रोफाइलमध्ये बघितलं तर ईमेल त्यांच्या ऑफिसचा, आणि मोबाइल नंबर त्यांच्याकडच्या मुलाचा. दर जुलैत "काका कागद आणा" असा मेसेज ज्या नंबरावरून येतो तोच. म्हणजे माझ्या नावाची नोटीस त्या पोराच्या फोनवर येऊन पडली होती.

रिटर्न अवैध ठरलं. ३१ डिसेंबरच्या आत स्वतः बसून आयटीआर-४ (छोट्या व्यवसायवाल्यांचा फॉर्म) भरला, ५००० रुपये विलंब शुल्कासकट. गृहस्थांचं म्हणणं, "मेल स्पॅममध्ये गेला असेल."

आता मावसबहिणीने सांगलीचा एक सीए सुचवलाय. सगळं ऑनलाइन, कागद ड्राइव्हवर आणि बोलणं व्हिडिओ कॉलवर. आमची दोन रिटर्न आणि बायकोचे हिशेब मिळून वर्षाचे १४,००० सांगतोय. बायकोला कांडप मशीनसाठी कर्ज काढायचंय, बँक ताळेबंद मागते, त्यामुळे या वेळी खराखुरा सीएच हवा. पण ज्याला डोळ्यांनी पाहिलेलं नाही त्याला पासवर्ड द्यायचा का? सांगलीत बसून पुण्याचं काम कुठे अडतं का? आणि १४,००० जास्त वाटतात का? आईचं म्हणणं, काही झालं तर जाऊन दार वाजवता यायला हवं.

खडूस_कोथरूडकर
मातोश्रींना नमस्कार सांगा. पण ज्यांनी घोळ घातला त्यांचं दार पुण्यातच होतं ना? वाजवून काय मिळालं?

सुमेधा_बाणेर
माझा सीए नाशिकला आहे, चार वर्षं झाली, भेट एकदाच, तीही लग्नात. काम उत्तम चालतं. पण शिस्त आपल्याला लावून घ्यावी लागते. मी पहिल्या वर्षी बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत बसले. त्यातले निम्मे त्याला सापडेनात, निम्मे मला आठवेनात. आता महिन्याला एक फोल्डर, आणि बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घेते.

दुसरं, रिटर्न भरण्याआधी मी त्याच्याकडून हिशेबाची पीडीएफ मागवते आणि एआयएस (आयकर खात्याकडे असलेली आपल्या उत्पन्नाची यादी) शेजारी उघडून ओळ न् ओळ बघते. एका वर्षी कुठल्या तरी विसरलेल्या खात्याचं व्याज असं सापडलं. ई-व्हेरिफाय, म्हणजे रिटर्न आपलंच आहे अशी ऑनलाइन खात्री, तेही मीच करते. रिटर्न भरल्यापासून तीस दिवसांत ते झालं नाही तर पुन्हा उशिराचं लचांड. तुम्हीही असेच बसला असतात तुमच्या त्या गृहस्थांच्या शेजारी, तर आयटीआर-१ तेव्हाच दिसला असता.

एकच तक्रार. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो फोन उचलत नाही. फॉर्म १६ जूनच्या मध्यात मिळतो, तेव्हाच सगळं देऊन मोकळं व्हा.

ताळेबंद
मी सीए आहे. व्यनि (खासगी निरोप) करून नंबर मागू नका, गिऱ्हाईक गोळा करणं आमच्या संस्थेला चालत नाही.

सांगली-पुणे अंतराची काळजी आयकरापुरती तरी सोडा. ऑगस्ट २०२० पासून तपासणीच फेसलेस, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाइन झाली आहे. तुमची फाइल कुठल्या गावातला अधिकारी बघतोय हे मलाही कळत नाही. साधू वासवानी चौकातल्या आयकर कार्यालयात खेपा घालायचे दिवस बहुतेकांचे संपले.

पासवर्डचं म्हणाल, तर बरेच लोक देतात आणि बरेच सीए मागतात. द्यायचा तर द्या, काम झालं की बदला. पण पोर्टलवरचा मुख्य मोबाइल आणि मुख्य ईमेल तुमचाच पाहिजे, यात तडजोड नको. दुय्यम संपर्काची जागा असते, तिथे सीएचा ईमेल घाला, म्हणजे दोघांनाही कळतं. हे आजच करा, वहिनींच्याही खात्यात बघा. त्याच मुलाचा नंबर तिथेही निघेल.

सीए खरा की नाही हे त्याच्या सदस्यत्व क्रमांकावरून आयसीएआयच्या (सीएंच्या संस्थेच्या) साइटवर तपासता येतं. 'कर सल्लागार' अशी पाटी कोणीही लावू शकतो, बँकेसाठी तुम्हाला सीएची सही लागणार. त्या कागदावर यूडीआयएन, म्हणजे आकडे आणि अक्षरं मिळून अठरा चिन्हांचा त्या कागदाचा ओळख क्रमांक असतो, तो बँक ऑनलाइन पडताळून बघते. तो नसेल तर कागद परत येईल.

एक विचारायचं राहिलं. वहिनींचा माल महाराष्ट्राबाहेर जातो का?

धागाकर्ता
हो, बंगळुरू आणि हैदराबादला. महिन्याला पंधरा-वीस पार्सलं कुरियरने. पण ४० लाखांच्या जवळपासही नाही आम्ही, जीएसटीचा काय संबंध?

(मोबाइल नंबर बदलला. बायकोच्या खात्यातही तोच मुलगा निघाला, तुम्ही म्हणालात तस्सा.)

ताळेबंद
इथेच पाय घसरतो सगळ्यांचा. ४० लाखांची सूट राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की जीएसटी कायद्याचं कलम २४ लागतं, उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. तुमच्या डिझाइनला हा जाच नाही, सेवांना २० लाखांपर्यंत परराज्यातही सूट आहे. मसाल्याला नाही.

कोणी "कंपोझिशन घ्या, सोपं आहे" म्हणेल, म्हणजे जीएसटीची छोट्यांसाठीची ठरावीक दराची योजना. परराज्यात माल पाठवणाऱ्याला ते मिळत नाही. नेहमीची नोंदणी घ्या आणि तिमाही रिटर्नचा पर्याय निवडा, ५ कोटींपर्यंत चालतो. मसाल्यावर ५ टक्के. एखाद्या तिमाहीत काहीच विकलं नाही तरी शून्याचं रिटर्न भरायचं, चुकलं तर दिवसाला २० रुपये. तिथेही मोबाइल नंबर वहिनींचाच द्या. जागेची पाहणी निघाली तर मात्र सांगलीचा माणूस धायरीत येऊन उभा राहणार नाही, तेव्हा घराचे कागद तुम्हीच तयार ठेवा, आणि सोसायटीचं ना हरकत पत्र आधीच मागून ठेवा. सोसायट्या काय करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

वहिनींचं पीटीईसी काढलंय का? व्यवसाय कराचे वर्षाला २५००.

आता १४,००० चं. त्यात जीएसटीची रिटर्न धरली असतील तर वाजवी आहेत, नसतील तर आकडा वाढेल. त्याला आत्ताच विचारून ईमेलवर लिहून घ्या. नोटीस आली तर उत्तर देण्याचे पैसे वेगळे का, तेही. आणि मला सांगा, परराज्याचा प्रश्न त्याने तुम्हाला विचारला होता का?

खडूस_कोथरूडकर
हा खरा प्रश्न. विचारला नसेल तर तोही पंधराशेवालाच, फक्त लांबचा आणि महागडा.

धागाकर्ता
आत्ता मेल उघडून बघितला. त्याने दोन पानांची प्रश्नावली पाठवली होती. अकरावा प्रश्न, 'राज्याबाहेर विक्री आहे का? असल्यास कोणती राज्ये?' मीच रिकामा सोडलाय. मला वाटलं होतं ते मोठ्या लोकांसाठी असतं. पीटीईसीचाही प्रश्न आहे त्यात, तोही कोरा. नोटिशीच्या उत्तराचे पैसे वेगळे, असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय.

उद्या रात्री आठला कॉल ठरवलाय. आई शेजारी बसणार आहे, तिला त्याचा चेहरा बघायचाय.

ताळेबंद, एक शेवटचं. संक्रांतीच्या ऑर्डरी आल्यात, बंगळुरूची नऊ पार्सलं बांधून तयार आहेत. नोंदणी होईपर्यंत थांबवायची का? आणि आतापर्यंत गेली त्यांचं काय?

ताळेबंद
थांबवा. मागच्यांचं काय करायचं ते उद्या त्याच्याशी बोला, इथे चारचौघांत नको.