बाबांच्या पायाची जखम भरतच नाहीये, मदत हवी आहे
बाबांना डायबिटीस आहे, तळपायाची जखम 3 महिने झाले तशीच, कडा पांढरट जाड झाल्यात, मधे पिवळा चिकट थर आणि ड्रेसिंग काढलं की रोज ओलंच. डॉक्टर म्हणाले आतली सूज थोड्या दिवसांत ओसरायला हवी ती तिथेच अडकलीये, पांढऱ्या पेशी हटत नाहीत आणि त्यांच्यातली एन्झाइम्स नवीन कोलॅजेनच (जखम भरून काढणारं प्रथिन) खाऊन टाकतात. म्हणजे इकडे वीट लावा, तिकडे कुणीतरी काढतंय! मग नुसती सुजेची गोळी देऊन का भागत नाही? ते तर थर खरवडून काढू म्हणतायत, त्यात जंतूंची बायोफिल्म, म्हणजे चिकट आवरणात राहणारी वसाहत, असते म्हणे. कुणाच्या घरच्यांचं असं डिब्राइडमेंट झालंय का, किती वेळा करावं लागलं? आणि पायावर भार येऊ नये म्हणून काय वापरलंत? शुगर आता आटोक्यात आहे, डॉपलर (पायातल्या रक्तप्रवाहाची तपासणी) व्हायचीये.