भाऊबीज : ओवाळणीच्या आठवणी सांगा

निरांजन :
काल कपडे काढायला गच्चीत गेले, तर पश्चिमेला नखाएवढी कोर. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. भाऊबीजेला आई चंद्रालाच ओवाळायला लावायची. पण द्वितीयेचा चंद्र, सूर्यामागोमाग तोही निघाला. चाळीसमोर पिठाच्या गिरणीचे पत्रे, त्यांच्यामागे जायच्या आत उरकायचं. वाऱ्याने निरांजन विझायचं ते वेगळंच. "अगं, दिसतोय तोवर ओवाळा!" बाबा हळूच तबकात तीन नाणी टाकायचे, म्हणायचे चंद्राने पाठवलीत. धाकटीला खरं वाटायचं. मोठीचं मत, चंद्र चिक्कू आहे, आठ आण्यांच्या वर कधी गेला नाही.
तुमचं सांगा.

चौघींचा_दादा :
चार बहिणी, चार घरं, एक दिवस. प्रत्येकीची करंजी खायचीच, नाहीतर "तिची खाल्लीस, माझी नाही." चौथ्या पाटावरून उठताना हात द्यावा लागतो.

लालडबा :
2023 पासून एसटीत आम्हाला अर्धं तिकीट, त्यामुळे भाऊबीजेला गाडीत पाय ठेवायला जागा नाही. पनवेल ते महाड उभ्याने. डब्यातल्या चकल्यांचा भुगा झाला. भावाने त्यावर दही घालून खाल्लं.

सुगरण_नाही :
दही?? चकली भाजणीची का?

लालडबा :
हो, भाजणीची. कांदा पण घातला त्याने.

वऱ्हाडी_ठेचा :
आमची आई ओवाळताना मामाच्या डोक्यावर कापूस ठेवते, केस असे पांढरे होईस्तोवर जग म्हणून. मामाला टक्कल. कापूस घसरून दरवर्षी वाटीत पडतो. 😂

सेविकाताई :
आम्हा अंगणवाडीवाल्यांना सरकारची भाऊबीज भेट असते, 2000 रुपये. सख्खा भाऊ म्हणतो, एवढा मोठा भाऊ असताना माझ्याकडे कशाला मागतेस!

अवेळी :
भाऊ न्यू जर्सीत. आमची सकाळची भाऊबीज, त्याचा पाडवा अजून संपलेला नसतो. मोबाईल पाटावर उभा करून ओवाळते. एकदा आईने काचेलाच कुंकू लावलं, फोन कट.

शेवंती :
दादा गेल्यावर वर्षभर सण नव्हतेच. पुढच्या दिवाळीला गेले तर वहिनीने पाट मांडून ठेवला होता, रांगोळीसकट. मी दारातच थांबले. भाचा सहावीतला, स्वतःच येऊन बसला. टोपी दादाची, कानांवर आलेली. ओवाळणी म्हणून पन्नासची नोट टाकली, त्याच्या खाऊच्या पैशातली. दूध वर आलंय, नंतर लिहिते.

निरांजन :
शेवंती 🙏 सावकाश लिही गं.

चौघींचा_दादा :
बहिणींना फोन करतो आज.

वऱ्हाडी_ठेचा :
@निरांजन, आठ आणे प्रत्येकी की तिघींत मिळून?

निरांजन :
प्रत्येकी हो! एवढाही चिक्कू नव्हता.

सुगरण_नाही :
आत्ता करून बघितलं. दही कमी घाला, मऊ पडतं.